मिशन दौऱ्यांतून बालगृहांच्या भेटी वगळाव्यात

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नाताळच्या सुट्ट्या जवळ आल्या की इथे मेलबर्नमधील अनेक ख्रिस्ती मंडळ्यांच्या सूचनाफलकांवर मिशन ट्रिपचे कागद लागतात. दहा-बारा दिवस कंबोडिया, त्यात खेड्यांतून सुवार्ता, एखाद्या शाळेची रंगरंगोटी आणि शेवटचे दोन-तीन दिवस बालगृहातील मुलांबरोबर, असा साधारण बेत असतो. आमच्या मराठी प्रार्थना गटातील तरुण मुलेही उत्साहाने नावे देतात, आणि भारतातील ओळखीच्या मंडळ्यांकडूनही नेपाळ व कंबोडियाच्या अशा दौऱ्यांविषयी विचारणा होऊ लागली आहे. या तरुणांच्या भक्तीविषयी आणि कळवळ्याविषयी मला शंका नाही. तरीही या दौऱ्यांतून बालगृहाची भेट पूर्णपणे काढून टाकावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे, आणि तिची कारणे आपल्या वाचकांपुढे मांडण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

कंबोडियात १९७५ ते १९७९ या काळात ख्मेर रूज या कम्युनिस्ट संघटनेच्या राजवटीत लाखो माणसे मारली गेली किंवा उपासमारीने व रोगराईने दगावली. त्या काळात मुलांची एक पिढीच पोरकी झाली आणि तेव्हा त्यांच्यासाठी आश्रम हवेच होते, हे कोणीही मान्य करील. पुढे शांतता आली, देश सावरू लागला, त्याबरोबर अनाथाश्रमही कमी व्हायला हवे होते. घडले ते नेमके उलट. २००५ ते २०१० या पाच वर्षांत त्यांची संख्या सुमारे ७५ टक्क्यांनी वाढली, आणि तिथे राहणाऱ्या दर चार मुलांपैकी जवळजवळ तिघांची आई किंवा वडील हयात असल्याचे युनिसेफच्या साहाय्याने झालेल्या पाहणीत आढळले. २०१५ च्या मोजणीत अशा संस्था चारशेहून अधिक भरल्या आणि त्यांत साडेसोळा हजारांवर मुले होती. राजधानी नोम पेन्ह आणि अंकोर वाटचे प्राचीन मंदिर पाहायला जाणारे पर्यटक जिथे उतरतात ते सियेम रीप, या दोन ठिकाणी त्यांची मोठी दाटी होती. अनाथ मुले विमानतळाजवळच जास्त जन्माला येतात असे नव्हे. परदेशी पाहुणा आणि त्याची देणगी जिथे सहज पोचते तिथे संस्था निघतात आणि मग त्या भरण्यासाठी खेड्यांतून मुले आणली जातात.

मुले आणण्यासाठी बहुतेक वेळा जबरदस्तीही लागत नाही. आईबाप मजुरीसाठी सीमेपलीकडे थायलंडमध्ये किंवा राजधानीतल्या कपड्यांच्या कारखान्यात गेलेले असतात, सावकाराचे किंवा पतसंस्थेचे कर्ज डोक्यावर असते आणि मूल आजीजवळ असते. अशा घरी कोणी येऊन फुकट जेवण, इंग्रजी शिक्षण आणि चांगल्या भवितव्याचा शब्द दिला, तर आजी काय करणार? पुढे संस्थेचे उत्पन्न मुलांच्या संख्येवर आणि पाहुण्यांच्या राबत्यावर चालू लागले, की मूल घरी परत पाठवणे तिला परवडत नाही. सगळ्याच संस्था अशा आहेत असे मी म्हणत नाही. परंतु दोन दिवसांसाठी गेलेल्या आणि ख्मेर भाषेचा शब्दही न येणाऱ्या माणसाला चांगली संस्था कोणती आणि वाईट कोणती हे ओळखता येत नाही.

सियेम रीपच्या एका बालगृहात मी एका गटाबरोबर गेले होते. अंगणात मुलांना रांगेत उभे केले होते. त्यांनी हातवारे करत इंग्रजी गाणे म्हटले आणि पाच मिनिटांत लहान मुले आमच्यातल्या अनोळखी मुलामुलींच्या मांडीवर येऊन बसली. चारेक वर्षांच्या एका मुलीने आमच्या एका तरुणीचा हात धरला तो निघेपर्यंत सोडला नाही, आणि गाडीत बसल्यावर ती तरुणी रडत रडत म्हणाली की इतके प्रेम मला कोणी दिले नव्हते. कार्यालयाच्या दारामागे महिन्याचा तक्ता होता. प्रत्येक आठवड्याच्या चौकटीत कुठल्या ना कुठल्या मंडळीचे नाव लिहिलेले होते आणि आमच्या पुढच्याच चौकटीत सिंगापूरचा गट होता. ती मुलगी त्यांचाही हात असाच धरणार, आणि तेही तिसऱ्या दिवशी निघून जाणार.

बालमानसशास्त्रातील जाणकार या वागण्याला प्रेमाची खूण मानत नाहीत. घरात वाढलेले चार वर्षांचे मूल अनोळखी माणूस दिसला की आईच्या पदराआड जाते. दिसेल त्याच्या गळ्यात पडणारे मूल हे कायमचे असे कोणी माणूस न मिळालेले मूल असते. रुमानियात हुकूमशहा चाउशेस्कूच्या राजवटीनंतर लाखाहून अधिक मुले सरकारी संस्थांत असल्याचे जगासमोर आले. त्यानंतर बुखारेस्टमध्ये २००० साली संस्थांतील १३६ बालकांना घेऊन एक अभ्यास सुरू झाला. त्यांतील निम्म्यांना पालक-कुटुंबांत ठेवले गेले आणि उरलेल्यांना मिळत होती तीच देखभाल चालू राहिली. कुटुंबात गेलेल्या मुलांची बौद्धिक वाढ स्पष्टपणे सरस ठरली आणि जी मुले दोन वर्षांची होण्याच्या आत कुटुंबात गेली त्यांना सर्वाधिक लाभ झाला. म्हणजे मुलाला हवे असते एकच माणूस, रोजचे आणि टिकणारे. दर आठवड्याला नवा चेहरा, नवी मिठी आणि नवा निरोप ही त्याच्यासाठी भेट नसून पुन्हा पुन्हा होणारी ताटातूट आहे.

आपण आपल्या देशात काय चालवून घेतो, हेही पाहावे. इथे व्हिक्टोरिया राज्यात रविवारच्या शाळेत शिकवायचे असले तरी स्वयंसेवकाला सरकारी तपासणीतून जावे लागते. भारतात २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या ७४ व्या कलमानुसार काळजी व संरक्षणाची गरज असलेल्या मुलाची ओळख उघड होईल असे छायाचित्र छापण्यास मनाई आहे. मग त्याच वयाच्या कंबोडियन मुलीला कडेवर घेतलेला फोटो उपासनेच्या पडद्यावर आणि फेसबुकवर कसा चालतो?

या भेटींच्या समर्थनार्थ बायबलमधील याकोबाच्या पत्रातील अनाथांची विचारपूस करण्याविषयीचे वचन हमखास सांगितले जाते. माझेही ते आवडते वचन आहे. पण त्यात अनाथांच्या जोडीला विधवाही आहेत, याकडे आपले दुर्लक्ष होते. विधवेला तिच्या संकटात हात दिला तर तिचे मूल आश्रमात जाण्याची वेळच पुष्कळदा येत नाही. आपल्या पंडिता रमाबाईंनी १८९६-९७ च्या दुष्काळात मध्य प्रांतातून निराधार मुली व तरुण विधवा आणून केडगावला आसरा दिला. हे सांगताना एक गोष्ट विसरू नये, की रमाबाई त्यांच्यातच राहिल्या आणि १९२२ साली तिथेच त्यांनी देह ठेवला.

नुसता चांगला हेतू पुरत नाही, हे जानेवारी २०१० मध्ये हैतीत दिसले. भूकंपानंतर दहा अमेरिकन बॅप्टिस्ट स्वयंसेवक ३३ मुलांना कागदपत्रांवाचून सीमेपार नेताना पकडले गेले, आणि त्या सगळ्या मुलांची आई किंवा वडील जिवंत असल्याचे पुढे निष्पन्न झाले.

काही पाळक मला म्हणतात, की मग त्या मुलांना वाऱ्यावर सोडायचे का? तसे मुळीच नाही. फ्रेंड्स इंटरनॅशनल या संस्थेने २०११ पासून मुले ही पर्यटकांनी पाहायची स्थळे नव्हेत अशी मोहीम चालवली आहे, कंबोडियाच्या सरकारनेही मुलांना शक्य तितके कुटुंबात परतवण्याचे धोरण घेतले आहे, आणि ऑस्ट्रेलियात २०१७ साली संसदीय समितीने अनाथाश्रमांसाठी होणाऱ्या मुलांच्या व्यापाराची आधुनिक गुलामगिरीच्या चौकशीत दखल घेतली. बालगृहे एका दिवसात बंद करावीत असे यांपैकी कोणी म्हणत नाही. त्यांचा पैसा टप्प्याटप्प्याने तिथल्या प्रशिक्षित समाजसेवकांकडे, आजी-मामांच्या घरातील मुलांच्या शाळेकडे आणि आईच्या रोजगाराकडे वळवावा, एवढेच म्हणणे आहे. तिकिटांचा खर्च वाचवून मंडळीने तो या कामाला द्यावा. तरुणांना कंबोडियाला न्यायचेच असेल तर तिथल्या मंडळ्यांबरोबर उपासना करावी, त्या देशाचा इतिहास जाणून घ्यावा, मोठ्या माणसांमध्ये काम करावे.

ज्या मंडळ्या आधीपासून एखाद्या बालगृहाला मदत करतात त्यांनी पुढचे अर्पण पाठवण्यापूर्वी संस्थेला लेखी विचारावे: आपल्याकडील किती मुलांचे आईवडील किंवा नातेवाईक हयात आहेत, ती त्यांना केव्हा भेटतात, गेल्या वर्षी किती मुले घरी परतली आणि सरकारी नोंदणीची प्रत पाठवाल का? आमच्या मंडळीच्या पंच समितीपुढे मी हे प्रश्न ठेवले आहेत आणि उत्तर येईपर्यंत यंदाच्या दौऱ्यातील बालगृहाचे दिवस रद्द करावेत असा ठराव मांडला आहे. महाराष्ट्रातील मंडळ्यांनी आणि परदेशी सेवा दौरे काढणाऱ्या शाळांनीही आपापल्या बैठकीत असा ठराव घ्यावा.

आपली,
एक मराठी ख्रिस्ती वाचक, मेलबर्न