छोट्या घरातील हॉल आणि चालण्याची वाट

मा. संपादक,
सविनय नमस्कार.

आपल्या पुरवणीत घराच्या मांडणीवर आणि सजावटीवर जे लेख येतात, ते मी नेमाने वाचतो. परंतु त्यांसोबतच्या छायाचित्रांतील दिवाणखाने बहुधा इतके ऐसपैस असतात की, तीनशे ते पाचशे चौरस फुटांच्या घरात राहणाऱ्या वाचकाला त्यांतून पडद्यांच्या रंगापलीकडे फारसे काही घेता येत नाही. मुंबईच्या झोपडपट्टी पुनर्वसन योजनेतील घर आरंभी २२५ चौरस फुटांचे होते, पुढे ते २६९ चौरस फुटांचे झाले आणि आता ३०० चौरस फुटांचे आहे. ठाण्यापासून बदलापूर आणि विरारपर्यंत पसरलेल्या वन-बीएचके घरांचे आकारही याहून फार मोठे नाहीत. अशा घरांत हॉल ही एकच खोली बैठक, जेवणघर, मुलांची अभ्यासिका आणि रात्री कोणाची तरी झोपण्याची जागा असते. म्हणून तिच्या मांडणीविषयी काही गोष्टी सविस्तर मांडण्याची परवानगी घेतो.

मी वास्तुविशारदांच्या कार्यालयांत चौतीस वर्षे आरेखक म्हणून काम केले. विक्रीसाठी छापल्या जाणाऱ्या नकाशांत सोफा, पलंग आणि जेवणाचे टेबल काढण्याचे काम बराच काळ माझ्याकडे होते. तरीही स्वतःच्या घरातील हॉलची मांडणी चुकीची आहे, हे मला निवृत्तीनंतर, तेही आईच्या आजारपणामुळे कळले.

डोंबिवलीतील आमचा हॉल १० फूट रुंद आणि १४ फूट लांब, म्हणजे १४० चौरस फुटांचा आहे. दोन वर्षांपूर्वी आषाढात आई घराबाहेर पाय घसरून पडली, खुब्याचे हाड मोडले आणि शस्त्रक्रियेनंतर श्रावणात ती वॉकर घेऊन घरी आली. ती हॉलमध्ये खिडकीखालच्या दिवाणावर झोपत असे. तिथून न्हाणीघराकडे जाणाऱ्या पॅसेजपर्यंतचे अंतर अवघे दहा-बारा पावलांचे, परंतु वॉकर टीपॉयपाशी अडकू लागला. तेव्हा मी टेप घेऊन मोजले. खोलीची रुंदी १२० इंच. एका भिंतीशी ३३ इंच पुढे येणारा सोफा, समोरच्या भिंतीशी १८ इंचांचे शोकेस आणि मध्ये २४ इंच रुंदीचा टीपॉय. बाकी राहिले ४५ इंच, आणि तेही टीपॉयच्या दोन्ही बाजूंना विभागलेले. साडेबावीस इंचांच्या त्या फटीतून धडधाकट माणूस अंग चोरून जातो आणि तीस वर्षे आम्ही सारे तसेच जात होतो. वॉकर अंग चोरत नाही.

मग सगळ्याच सामानाचे माप घेतले. तीन आसनी सोफा सुमारे १८ चौरस फूट, त्याच्या जोडीच्या दोन खुर्च्या १५, टीपॉय ७, शोकेस ९, दिवाण १९, जेवणाचे टेबल १० आणि चपलांचे छोटे कपाट अडीच चौरस फूट. जेवणाच्या टेबलाभोवतीच्या खुर्च्या न धरताही हॉलच्या १४० पैकी ८० चौरस फुटांवर सामान उभे होते. उरलेली साठ चौरस फूट जागा एकसंध असती तरी चालले असते, पण ती दीड-दोन फुटांच्या पट्ट्यांत विखुरलेली असल्यामुळे तिचा कोणाला उपयोग नव्हता.

हे मोजूनही मी लगेच काही हलवले नाही, कारण कोणती वस्तू हलवावी यावर घरात एकमत होईना. तोडगा गणपतीने काढला. दरवर्षीप्रमाणे मखर बसवण्यासाठी टीपॉय आणि दोन्ही खुर्च्या शेजाऱ्यांकडे गेल्या, जेवणाचे टेबल बेडरूममध्ये भिंतीला टेकून उभे राहिले, आणि पाच दिवस आई कोणाचाही हात न धरता दिवाणापासून पॅसेजपर्यंत जात राहिली. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी मी सामान आणायला निघालो, तेव्हा ती म्हणाली, “ते टेबल आता परत आणू नकोस रे. मला एवढं चालू दे.”

संपादक महोदय, हा अनुभव केवळ आमच्या घरचा नसावा. भाद्रपदात असंख्य मराठी घरांत हॉलची मांडणी बदलते, एरवी सहा माणसांना अपुरी वाटणारी खोली आरतीला वीस माणसांना सामावून घेते, आणि विसर्जन झाले की आपण सारे सामान पूर्वीच्याच जागी नेऊन ठेवतो. खोली मोठी करण्याची रीत आपल्या हाताला ठाऊक असते. तिचा उपयोग आपण वर्षातले काही दिवसच करतो. चाळीतल्या पिढीने मात्र ती रोज वापरली. वरळी, नायगाव, ना. म. जोशी मार्ग आणि शिवडी येथील बीडीडी चाळींच्या १६० चौरस फुटांच्या खोलीत सकाळी वळकट्या गुंडाळल्या जात, त्याच जमिनीवर पाट मांडून जेवण होई, दुपारी तिथेच मुले पुस्तके उघडत आणि रात्री पुन्हा अंथरुणे पडत. त्या जगण्यात अडचण फार होती आणि तिचे गोडवे गाण्याची माझी इच्छा नाही. परंतु जमीन मोकळी असेल तरच तिचे चार उपयोग होतात, हे त्या बिऱ्हाडांना पक्के माहीत होते.

आमच्याकडे मग जी फेरमांडणी झाली, तिचा तपशील देतो, कारण खरी अडचण मला त्या तपशिलात सापडली. टीपॉय आणि दोन खुर्च्या कायमच्या दिल्या. जेवणाच्या टेबलाऐवजी सुताराकडून भिंतीला बिजागऱ्यांवर उघडमीट करणारी फळी करून घेतली. शोकेस मोडताना पत्नीला वाईट वाटले, कारण त्यात मुलांची बक्षिसे आणि तिच्या आईने दिलेला कपबशांचा संच होता; त्या वस्तू आता डोक्याच्या उंचीवर लावलेल्या फळ्यांवर आहेत आणि पूर्वीपेक्षा अधिक नजरेत भरतात. शोकेसच्या जागी, पॅसेजलगतच्या भिंतीशी, आईचा दिवाण नेला, त्यामुळे पावसाळ्यात खिडकीतून येणाऱ्या झडीने गादी ओली होण्याचा जुना त्रासही गेला. सोफा दिवाणाच्या जुन्या जागी, पण खिडकीपासून फूटभर पुढे ओढून ठेवला. त्याची बैठक पंधरा इंच उंचीची असल्याने आईला उठताच येत नसे. सुताराने पायांखाली तीन इंचांचे लाकडी ठोकळे बसवले आणि ती उंची दिवाणाइतकीच, अठरा इंच झाली. एक हातांची उंच खुर्ची धरून आता हॉलमध्ये सुमारे ४४ चौरस फूट सामान आहे, आणि दिवाणापुढे समोरच्या भिंतीपर्यंत सलग सात फुटांची रुंदी मोकळी आहे.

अडचण आली ती टीव्हीची. टीव्ही शोकेसमध्ये होता, त्यामुळे त्याचा प्लग पॉइंट आणि केबल त्याच भिंतीवर, म्हणजे जिथे दिवाण आला तिथे. समोरच्या भिंतीवर दाराजवळच्या स्विचबोर्डाखेरीज एकही पॉइंट नाही. छताचा पंखा हॉलच्या मध्यावर, कारण त्याचा हुक स्लॅब भरतानाच बसवलेला असतो. भिंतीशी गेलेल्या दिवाणावर वारा पुरेना, म्हणून भिंतीवरचा पंखा लावावा लागला आणि त्यालाही पॉइंट हवा. वायरमनने भिंतीवरून पट्टीतून तारा फिरवून दोन दिवसांत ते काम केले. त्या वेळी मला उमगले की, तीस वर्षे आमचा सोफा, शोकेस आणि टीव्ही कुठे असावेत हे आम्ही ठरवलेच नव्हते. ताबा मिळण्यापूर्वी ज्याने प्लग पॉइंटची जागा नक्की केली, त्यानेच ते ठरवून टाकले होते.

आमच्या विटांच्या भिंती फोडून आतून नवी नळी तरी घालता आली असती. आजच्या अनेक उंच इमारतींत भिंती अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यांत काँक्रीट ओतून स्लॅबबरोबरच उभ्या केल्या जातात. बांधकामावरची माणसे या पद्धतीला मायवान म्हणतात. त्या भिंतींतून विजेच्या नळ्या काँक्रीट ओतण्यापूर्वीच घालाव्या लागतात आणि मागाहून भिंत फोडून नवा पॉइंट काढणे म्हणजे इमारतीचा भार वाहणारा भागच कापणे असते. अशा घरात हॉलच्या एकाच भिंतीवर टीव्हीचा पॉइंट दिला, तर भिंतीवरून तारांच्या पट्ट्या फिरवल्याखेरीज त्या कुटुंबाने पुढची पन्नास वर्षे एकाच तऱ्हेने बसावे, असा त्याचा अर्थ होतो. मुले मोठी होतात, सून येते, आईवडील थकतात, कोणी चाकांच्या खुर्चीवर येते. घरातील माणसे बदलत राहतात आणि त्यांच्याबरोबर सामानालाही जागा बदलता यायला हवी.

दुसरी गोष्ट नकाशांची, आणि ती सांगताना मला स्वतःच्या कामाची जबाबदारी टाळता येणार नाही. एका कार्यालयात असताना विक्रीच्या नकाशात सव्वासहा फुटांचा पलंग पावणेसहा फुटांचा काढण्याची आणि सोफ्याची खोली अडीच फुटांच्या आत ठेवण्याची सूचना मला मिळाली होती, आणि मी ती पाळली. कागदावर तो फरक दोन-तीन मिलिमीटरचा असतो, डोळ्याला कळत नाही. खोली मात्र प्रशस्त दिसते. पुढे एका सॅम्पल फ्लॅटमध्ये तसाच आखूड पलंग प्रत्यक्ष बनवलेला पाहिला. तेथे आतील दारांना कवाडेही बसवलेली नव्हती, त्यामुळे दार उघडल्यावर किती जागा खाते, हे पाहणाऱ्याला समजायला मार्ग नव्हता. आत उघडणारे सव्वातीन फुटांचे मुख्य दार हॉलचा एक पूर्ण कोपरा अडवते आणि त्या कोपऱ्यात चपलांच्या कपाटाखेरीज काहीही ठेवता येत नाही.

स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने चटई क्षेत्राची, म्हणजे घराच्या आतील प्रत्यक्ष वापरता येणाऱ्या जागेची, व्याख्या निश्चित केली, त्यामुळे घराचे क्षेत्रफळ सांगण्यातली जुनी लबाडी बरीच आटोक्यात आली, याचे मला समाधान आहे. त्याच कायद्याच्या कलम १२ नुसार जाहिरातीतील, माहितीपत्रकातील किंवा नमुना सदनिकेतील चुकीच्या माहितीवर विसंबून ग्राहकाचे नुकसान झाले, तर विकासकाला भरपाई द्यावी लागते. मग नकाशातील सोफ्याचे आणि पलंगाचे माप त्या नकाशावर आकड्यांत लिहिलेले असावे, दार कोणत्या बाजूला आणि किती उघडते हे दाखवलेले असावे, प्लग पॉइंट कुठे आहेत याची खूण असावी, एवढी अट महारेराने, म्हणजे या कायद्याखालील राज्याच्या नियामक प्राधिकरणाने, घालणे अवघड नाही. आरेखकाला त्यासाठी अर्ध्या तासापेक्षा अधिक वेळ लागणार नाही, हे मी अनुभवाने सांगतो.

ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या बीडीडी चाळीतील ५५६ रहिवाशांना ५०० चौरस फुटांच्या घरांच्या चाव्या मिळाल्या. १६० चौरस फुटांतून ५०० चौरस फुटांत जाण्याचा आनंद मी समजू शकतो आणि नव्या घरासाठी नवा सोफा घेण्याची हौस अगदी रास्त आहे. त्या आणि तशा सर्व कुटुंबांना माझी एक विनंती आहे. दुकानात जाण्यापूर्वी आपल्या हॉलमध्ये जुनी वर्तमानपत्रे पसरून, सोफ्याच्या लांबी-रुंदीचा आकार जमिनीवर पूर्ण मापात मांडावा, कागद चिकटपट्टीने जोडून घ्यावेत आणि दोन दिवस त्यांवर पाय न ठेवता घरात वावरून पाहावे. मुख्य दारापासून स्वयंपाकघरापर्यंत आणि झोपण्याच्या जागेपासून न्हाणीघरापर्यंत सलग तीन फुटांची वाट राहत असेल तरच तो सोफा घ्यावा. दुकानाच्या भल्यामोठ्या दालनात साडेसात फुटांचा सोफा लहानच दिसतो, आणि घरी आणल्यावर तो परत घ्यायला कोणी सहज तयार होत नाही.

नव्या घरात जाणाऱ्या बहुतेक कुटुंबांत एक तरी वृद्ध व्यक्ती असणार. तिची खाट कुठे असेल हे आधी ठरवावे, टीव्ही त्यानंतर. बसण्याच्या निदान एका जागेची उंची सतरा-अठरा इंच असावी आणि तिला हात असावेत. टीपॉय हवाच असेल तर एकात एक सरकणारी दोन-तीन छोटी स्टुले घ्यावीत, ती पाहुणे आल्यावर बाहेर येतात आणि गेल्यावर कोपऱ्यात जातात. पायाखालची छोटी सतरंजी वॉकरमध्ये अडकते, ती उचलूनच ठेवावी.

आपल्या वृत्तपत्राकडूनही एक अपेक्षा आहे. आपल्या पुरवणीत दर महिन्याला एक तरी ३०० ते ५०० चौरस फुटांचे, माणसे खरोखर राहत असलेले घर यावे, त्याचा मापांसह नकाशा छापावा, आधीची आणि नंतरची मांडणी शेजारी शेजारी दाखवावी आणि काय काढून टाकले हेही लिहावे. छायाचित्रापेक्षा असा नकाशा वाचकाला अधिक उपयोगी पडेल, कारण तो कात्री घेऊन आपल्याच घराच्या मापाने पुठ्ठ्याचे तुकडे कापू शकेल. आमच्या घरची फेरमांडणी मी एका फुटाला दोन सेंटिमीटर धरून आलेखाच्या कागदावर अशीच पुठ्ठे सरकवत केली आणि त्या वेळी आईसुद्धा शेजारी बसून तुकडे हलवत होती.

बीडीडी चाळींच्या पुनर्विकासाच्या ज्या इमारतींच्या भिंती अजून उभ्या राहायच्या आहेत, त्यांच्या विजेच्या नकाशांत हे काम पाहणाऱ्या म्हाडाला, म्हणजे राज्याच्या गृहनिर्माण प्राधिकरणाला, आजही बदल करता येईल. हॉलच्या दोन समोरासमोरच्या भिंतींवर टीव्हीचा आणि भिंतीवरच्या पंख्याचा पॉइंट द्यावा, एवढेच मागणे आहे. काँक्रीट ओतण्यापूर्वी त्याला काही फूट विजेची नळी आणि पॉइंटच्या दोन पेट्या लागतात. नंतर ते भिंतीच्या आतून करता येत नाही. म्हाडाच्या संबंधित अभियंत्यांनी या पत्राची दखल घ्यावी, ही कळकळीची विनंती.

आपला नम्र,
एक निवृत्त आरेखक
डोंबिवली (पूर्व)