अर्धा गन, आठ लोंग

तीर्थस्वरूप आजी,
साष्टांग नमस्कार.

हे पत्र मराठीत आहे, म्हणजे शाम शुई पोच्या मंडईत तुमच्या गाळ्यावर येऊन मलाच ते तुम्हाला समजावून सांगावं लागेल. सांगेन. पण हाँगकाँगला नव्याने येणाऱ्या आपल्या माणसांनीही ते वाचावं, म्हणून उघडपणे लिहितेय.

त्या दिवशी ऑफिसातल्या दोघींना मी कौतुकाने 'बुन गन बात लोंग' ही कँटोनीज म्हण ऐकवली. गन आणि लोंग ही इथली वजनाची मापं. अर्धा गन काय, आठ लोंग काय, वजन एकच; म्हणजे दोघी तोडीस तोड, असा माझा समज. दोघींचे चेहरे उतरले. काय चुकलं ते कुणी सांगेना. संध्याकाळी मी तुम्हाला विचारलं.

तुम्ही गिऱ्हाइकाला थांबवलंत. आधी काटा दाखवलात: १६ लोंगांचा एक गन, साधारण ६०० ग्रॅम. ही म्हण चीनभर चालते, पण मुख्यभूमीवर गन आता १० लोंगांचा, ५०० ग्रॅमचा झालाय. तुमच्या काट्यावर मात्र तिचा हिशेब अजून चोख जुळतो. मग चोय सम या पालेभाजीच्या, पानं पिवळी पडलेल्या दोन जुड्या उचलल्यात. एक पुढे धरून मान हलवलीत. दुसरी धरलीत, पुन्हा तशीच मान हलवलीत. "बुन गन बात लोंग!" मला लख्ख कळलं. एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं, ते हेच! कौतुक करायचं तर 'केइ गू सोंग दोंग' म्हण, असं तुम्ही सांगितलंत. निशाणं आणि नगारे, दोन्हीकडे सारखेच. किती देखणा शब्द!

'लोंग'चा सूर मी खालीच ठेवायची, तर त्याचा अर्थ 'दोन' व्हायचा. तो वर चढेपर्यंत तुम्ही पाच वेळा म्हणवून घेतलंत, एकदाही न चिडता.

घरी जाताना माझी साताऱ्याची आजी फार आठवली. तिच्या तोंडी शेवटपर्यंत अच्छेर, पावशेर, नवटाक. शेराचे छटाक १६, अच्छेराचे आठ. तुम्हा दोघींची भेट झाली असती तर भाषेवाचून हिशेब जमला असता.

दुसऱ्या दिवशी मी त्या दोघींची माफी मागितली आणि नवा शब्द वापरला. आता आम्ही तिघी एकत्र जेवतो.

भाजी हातात घेताना मी रोज 'म्-गोय', म्हणजे धन्यवाद, म्हणते. पण कुणी भेट दिली तर धन्यवाद म्हणून 'दो-जे' म्हणायचं, हेही तुमच्याकडूनच शिकले. आजी, दो-जे.

शनिवारी येते. अर्धा गन चोय सम बाजूला ठेवा.

तुमची,
साताऱ्याची नात