खुर्ची रद्द कर

चि. बाळास,

अनेक आशीर्वाद.

मसाज करणारी ती मोठी खुर्ची माझ्यासाठी बघून ठेवली आहेस, असं काल फोनवर म्हणालास. घेऊ नकोस. रागावण्याआधी पूर्ण वाच. (मी बोलतेय आणि फोन लिहितोय, तेव्हा ऱ्हस्वदीर्घ त्याचं, मजकूर माझा.)

संधिवात झाल्यापासून भेटायला येणारं कुणी ना कुणी विचारतंच, "आता वस्तूंचा मोह सुटला असेल, नाही?" आजारी माणसानं विरक्त व्हावं अशी धडधाकट लोकांची फार इच्छा असते. माझा मोह काही सुटलेला नाही. तो फक्त शोकेसमधून उठून दारांच्या मुठी, बरण्यांची झाकणं आणि कपड्यांची बटणं यांच्यावर जाऊन बसलाय.

उतारवयात सांधे झिजतात ते दुखणं वेगळं. माझ्यात शरीराची प्रतिकारशक्तीच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर उठली आहे. सकाळी तासभर, कधी त्याहून जास्त वेळ बोटं वळत नाहीत. त्या वेळात घर कसं दिसतं ते तुला सांगते. गोल मूठ म्हणजे शत्रू, कारण ती बोटांनी आवळून मनगट पिळावं लागतं. आडव्या दांडीची मूठ कोपरानं दाबली तरी दार उघडतं. पेन जाड असेल तर कमी आवळावं लागतं, बोटांच्या लहान सांध्यांना तेवढाच आराम. अशा वस्तूंचा मला चक्क लोभ सुटतो. जड पातेली मात्र कितीही देखणी असोत, बघितली की मनगट आधीच कुरकुरतं. अंगठ्या पेरांवर अडतात. त्यांचं वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू.

आणि घरातली सगळ्यात मौल्यवान वस्तू म्हणशील तर ती फ्रिजमध्ये आहे. माझी इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सिअसमध्ये ठेवावी लागतात, गोठली तरी वाया जातात. वीज गेली की फ्रिजचं दार कुणी उघडू नये म्हणून मी तिथेच घुटमळत राहते. तुझे बाबा हसतात. वर इंजेक्शनांना मुदत असते, म्हणजे हौसेनं साठवूनही ठेवता येत नाहीत. तरीही 'हे माझं आहे' असं इतक्या जोरानं मला आजवर कशाबद्दलच वाटलं नव्हतं.

मी शहाणी झाले असं मात्र समजू नकोस. हा आजार चढतो-उतरतो, आणि उतरला की जुनी हौस परत येते. मागे अशाच चांगल्या दिवसांत काचेचे उंच, नाजूक पेले मागवले. दुखणं वाढलं की ते दोन्ही हातांनी धरावे लागतात. ठेवलेत तरी, कारण फक्त सोयीच्याच वस्तू उरल्या तर ते घर राहायचं नाही, दवाखाना होईल.

खुर्चीचं म्हणशील तर सुजलेले सांधे तिच्याकडून चेपून घेण्याची माझी इच्छा नाही. शिवाय ती एवढी जागा खाणार, आणि ती वापरत नाही म्हणून तुझ्यापुढे मला अपराधी वाटत राहणार.

तुला काही करायचंच असेल तर न्हाणीघराच्या आणि मागच्या दाराच्या मुठी बदलून दे. आणि माझा कॅमेरा घेऊन जा. त्याचं वजन आता मनगटाला झेपत नाही, बारीक चकत्या फिरत नाहीत. "तू बरी झालीस की लागेल," असं म्हणून तू तो मागच्या वेळी पुन्हा कपाटात ठेवलास. तुझी माया कळली, पण दमट कपाटात पडून राहिल्या की लेन्सवर बुरशी धरते. आठवण म्हणून जपायला देत नाहीये, वापरायला देतेय. फोटो काढ आणि मला मोठ्या पडद्यावर दाखव. वाईट आले तर मी तसं सांगणार आहे.

मुठी आणशील तेव्हा दारांची जाडी आधी मोजून घे. बाबांच्या अंदाजावर जाऊ नकोस.

तुझी,
आई