जोडप्याचं पॅकेज घेतलं आणि महिनाभर दोघं वेगवेगळ्या डब्यात, त्याबद्दल तक्रार

प्रति,
मॅनेजर साहेब, टूर बुकिंग विभाग

विषय – 28 फेब्रुवारी ते 29 मार्च 2025 ची रेल्वे सहल, प्रवासी दोन, गाव पाचोरा, जि. जळगाव

साहेब नमस्कार,

हे माझं तिसरं लिहिणं आहे. पहिले दोन मेसेज व्हॉट्सअ‍ॅपवर केले, त्याला हात जोडलेलं चित्र आलं आणि "तुमचा फीडबॅक आमच्यासाठी मोलाचा आहे" असं आलं, आणि मग आठ दिवसांनी तुमच्या ऑफिसातल्या पोराने फोन करून विचारलं की काका पुढच्या वर्षी केरळ करता का, डिस्काउंट देतो. म्हणून आता नीट सगळं लिहून पाठवतोय, तिकिटांच्या झेरॉक्ससकट.

आधी माझी ओळख सांगतो म्हणजे पुढचं लक्षात येईल. मी 33 वर्ष एसटीत कंडक्टर होतो. त्यातली निम्म्याच्या वर वर्ष मुक्कामी गाडीवर गेली, म्हणजे संध्याकाळी गाडी घेऊन जायचं, कुठल्यातरी गावच्या पारापाशी गाडी लावून तिथंच झोपायचं आणि सकाळची पहिली फेरी घेऊन परत. घरी मंडळी एकटी, पोरं लहान, सासूचं आजारपण, सगळं तिनेच काढलं. रिटायर झालो तेव्हा तिला शब्द दिला होता की एकदा महिनाभर फक्त आपण दोघं, रेल्वेने सगळा देश. पाच वर्ष थांबलो, एफडी मोडली, आणि डिसेंबरमध्ये तुमच्याकडे दोघांचे 1,72,000 भरले, एकरकमी. तुमच्या पत्रकावर मोठ्या अक्षरात होतं "खास जोडप्यांसाठी", खाली खिडकीत बसलेल्या नवराबायकोचा फोटो.

आता ऐका. महिन्यात रात्रीच्या एकूण नऊ गाड्या झाल्या. त्यातल्या सात गाड्यांमध्ये आम्ही वेगवेगळ्या डब्यात होतो. आठवीत डबा एकच पण ती एका टोकाला 4 नंबरला आणि मी दुसऱ्या टोकाला 68 ला. नववी गाडी तेवढी समोरासमोर मिळाली, तिचं तिकीट मी स्वतः काढलेलं होतं, ते पुढे सांगतो.

तिकिटांची पीडीएफ तुम्ही पाठवली निघायच्या आदल्या रात्री साडेनऊला. मी तिकीट बघितलं की आधी काय बघतो, नंबर बघतो, सवय आहे. दोघांचे पीएनआर वेगळे. लगेच फोन केला तर तुमच्या मॅडम म्हणाल्या काका, तुम्ही सिनियर आहात, दोघांना खालचा बर्थ मिळावा म्हणून वेगळं वेगळं बुक केलंय, गाडीत टीटीईला सांगा, अ‍ॅडजस्ट होतं. भुसावळला पंजाब मेलमध्ये चढलो, तिला बी-1 मध्ये बसवलं आणि मी बॅग घेऊन बी-4 कडे निघालो तेव्हा ती काहीच बोलली नाही. इटारसीच्या अलीकडे मी तिच्याकडे चहा घेऊन गेलो तर म्हणाली, "तीस वरीस एसटीमा एकलीनी काढात, आते रेल्वेमा बी एकलीच का?" ती अमळनेरकडची, चिडली की अहिराणीच बोलते. मला हसू पण आलं आणि चहा काही गोड लागला नाही.

तर तुमच्या मॅडमनी जे कारण सांगितलं ना, ते साफ खोटं आहे. रेल्वेचा खालच्या बर्थचा जो कोटा आहे तो 60 च्या वरच्या पुरुषाला आणि 45 च्या वरच्या बाईला असतो, एकट्याला किंवा एका तिकिटावर अशा दोघांना. मी 63 चा, ती 59 ची. म्हणजे दोघं एकाच तिकिटावर बसत होतो, वेगळं करायची गरजच नव्हती. वर माझ्या भाच्याने मला मोबाईलवर दाखवलं की बुकिंग करताना तिथे एक पर्यायच आहे, सगळे बर्थ एकाच डब्यात मिळत असतील तरच तिकीट काढा असा. एक टिचकी मारायची होती साहेब. एका पीएनआरवर सहा माणसं बसतात, तुम्ही दोनाची दोन तिकिटं केली, आणि तुमच्या बिलात सर्व्हिस चार्ज दर तिकिटाला लावलेला आहे, म्हणजे तोही डबल. आता ही चूक होती की धंदा होता ते तुम्हीच सांगा.

बरं, टीटीईला सांगा म्हणणं सोपं असतं. टीटीई काय करणार, भरलेल्या गाडीत त्याच्या हातात काय असतं, ते मला विचारा. मग उरतं काय तर लोकांपुढे हात जोडणं, भाऊ जरा तिकडे जाता का, ताई तुम्हाला चालेल का. 33 वर्ष मी लोकांना जागा करून दिली, आणि म्हातारपणी हे.

सगळ्यात जास्त राग कशाचा आला ते सांगतो. गुवाहाटी ते दिब्रुगड. तिला थ्री एसी, मला स्लीपर. पैसे दोघांचे एसीचे घेतले. रात्री एसी आणि स्लीपरच्या मधलं दार बंद करतात, तो नियम आहे, तक्रार नाही. पण तिच्या शुगरच्या गोळ्या माझ्या बॅगेत राहिल्या. जेवण झाल्यावर तिला आठवलं, मला फोन केला, आणि वरून सांगते की उतरू नका हं, गाडी सुटेल, एक दिवस नाही घेतली तर काय होतं. मी लमडिंगला उतरलो, मध्यरात्र झाली होती, प्लॅटफॉर्मवरून पळत पळत चार डबे पुढे. गुडघे माझेही काही विशीतले नाहीत. ती दारात उभी, एका हाताने दांडी धरलेली, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, झाकण काढून तयार. गोळी तिच्या हातात ठेवली आणि गाडी हलली, मग मीच आत चढलो. तिथला टीटीई आसामी माणूस, मी दोन्ही तिकिटं दाखवली, त्याने एकदा तिच्याकडे पाहिलं एकदा माझ्याकडे आणि बसा म्हणाला. तिच्या पायाशी बसून रात्र काढली.

त्यानंतर विवेक एक्सप्रेस. दिब्रुगड ते कन्याकुमारी, चार हजार किलोमीटरच्या वर, तीन रात्री गाडीत आणि चौथ्या दिवशी रात्री उतरायचं. ह्या गाडीसाठीच तर आम्ही तुमचं पॅकेज घेतलं होतं. घरून दशम्या, लसणाची चटणी, बिबड्या, केळीचे वेफर्स असा डबा महिनाभर पुरवून पुरवून ह्या गाडीसाठी राखला होता, दशम्या तर कधीच संपल्या पण चटणी आणि बिबड्या होत्या. ती बी-2 मध्ये आणि मी बी-6 मध्ये. पहिल्या रात्री एका फौजी पोराने तिच्यासमोरचा बर्थ मला दिला, तो न्यू जलपायगुडीला उतरला आणि त्याच्या जागेवरचं बुकिंग आलं, की मी परत बी-6. दिवसातून दहा-बारा वेळा मी ते डबे चाललो असेन. चटणी तिच्याकडे, बिबड्या माझ्याकडे. भुवनेश्वरपर्यंत पॅन्ट्रीचे पोरं मला ओळखायला लागले, त्यांना वाटलं मी पण काहीतरी विकतोय. बंगालातली तळी, ओडिशातली भातशेतं, गोदावरीवरचा तो लांबच लांब पूल, सगळं बघितलं, पण ती तिच्या खिडकीतून आणि मी माझ्या. पूल आला की मी फोन करायचो, बघ बघ. रेंज नसायची.

एक मान्य करतो, शिमल्याला आणि उटीला आम्ही शेजारी बसलो. अर्थात तिथे बर्थच नाहीत त्यामुळे तुमचा नाइलाज झाला असेल. कालका-शिमला गाडी बघून तर मला पीजेच आठवली, आमची पाचोरा-जामनेर, रूळ तेवढ्याच रुंदीचे, अडीच फूट. लॉकडाऊनमध्ये 2020 ला ती बंद पडली ती पडलीच, आता ब्रॉडगेज करताहेत. लग्नानंतर तिला पहिल्यांदा जामनेरला घेऊन गेलो ते पीजेनेच. बडोगचा 33 नंबरचा बोगदा, 1143 मीटर, अंधार झाला तसा तिने माझा हात धरला, आणि उजेड आला तरी सोडला नाही, समोर सरदारजीचं कुटुंब बसलेलं असून. एवढंच पाहिजे होतं साहेब. ह्यासाठी 1,72,000.

आता पैशाचं बोलू.

बनारस ते न्यू जलपायगुडी हे तिकीट तुम्ही वेटिंगचं दिलं आणि पत्रकात लिहिलं होतं सर्व तिकिटं कन्फर्म. होळीच्या आधीचे दिवस, त्या बाजूच्या गाड्यांना होळीला काय गर्दी असते हे तुम्हाला माहीत नाही असं कसं म्हणू. मी फोन केला, पोरगा म्हणाला होऊन जाईल काका. मी एवढी वर्ष लोकांना हेच सांगत आलोय की पुढच्या स्टॉपला जागा होईल, मला त्याचा अर्थ माहिती आहे. आदल्या दिवशी सकाळी सातला जाऊन रिझर्वेशनच्या खिडकीसमोर बसलो, फॉर्म भरून ठेवला, एसीचं तत्काळ दहाला उघडतं, माझा नंबर तिसरा होता. दोघांचं एका तिकिटावर मिळालं, समोरासमोर, 25 आणि 28. जे मला परक्या गावात तत्काळमध्ये जमलं ते तुम्हाला 60 दिवस आधी बसून जमलं नाही. तुमचं वेटिंगचं तिकीट चार्ट लागल्यावर आपोआप कॅन्सल झालं, ऑनलाईन वेटिंगचं तसंच होतं आणि पैसे ज्याने बुक केलं त्याच्या खात्यात परत जातात, म्हणजे तुमच्या. ते 2,190 मला अजून आलेले नाहीत. तत्काळचे 2,960 मी खिशातून दिले.

दुसरं रामेश्वर. तुमच्या पत्रकात "समुद्रावरच्या पांबन पुलावरून ट्रेनने रामेश्वर" असं आहे आणि त्याचे माणशी 1,800 वेगळे घेतले. पांबनचा जुना पूल 1914 चा, त्याच्यावरून गाड्या डिसेंबर 2022 पासून बंद होत्या. गाडी मंडपमपर्यंतच. तुम्ही डिसेंबर 2024 मध्ये मला बंद पुलाचं तिकीट विकलं. मंडपमला उतरून आम्ही बसने गेलो, रस्त्याच्या पुलावरून शेजारी नवा रेल्वेपूल दिसत होता, त्याचा मधला भाग बोटींसाठी लिफ्टसारखा वर उचलला जातो. छान दिसतो. ही म्हणाली आपण बसनेच जायचं असं नशिबात लिहिलेलं दिसतं. 29 मार्चला नवजीवन एक्सप्रेसने भुसावळला उतरलो, दुसऱ्या दिवशी पाडव्याची गुढी उभारली, आणि त्याच्या आठ दिवसांनी 6 एप्रिलला रामनवमीला तो पूल सुरू झाला, आम्ही टीव्हीवर बघितला. कोणी नीट चौकशी करून सांगितलं असतं की पूल बंद आहे, तर रामेश्वर आम्ही पुढे ढकललं असतं.

आणि ते "सिनियर सिटीझन रेल्वे सवलत 9,400 वजा" जे कोटेशनमध्ये दाखवलं होतं, ती सवलत रेल्वेने मार्च 2020 पासून बंद केलेली आहे. नसलेली सवलत वजा करायची म्हणजे आधी रेट वाढवून ठेवायचा. आमच्या इथे बाजारात पण करतात असं, पण ते निदान तोंडावर हसतात.

माझी मागणी सरळ आहे. वेटिंगचे 2,190. तत्काळचे पूर्ण 2,960 मागत नाही, तिकीट मी वापरलं, तुमच्या भाड्यापेक्षा जास्त लागले ते 770 द्या. पांबनचे 3,600. गुवाहाटी-दिब्रुगड माझं एसीचे पैसे घेऊन स्लीपर दिलं, त्यातला फरक. दुसऱ्या पीएनआरचे सर्व्हिस चार्ज, आठ गाड्यांचे. हिशोब वेगळ्या कागदावर लिहून जोडलाय, कंडक्टर असताना फेरीच्या हिशोबाचं वेबिल लिहायचो तसा, ओळीने, कुठे खाडाखोड नाही. 15 दिवसांत नाही झालं तर 1915 ह्या ग्राहक हेल्पलाईनला तक्रार नोंदवणार आणि नंतर जळगावला जिल्हा ग्राहक आयोगात जाणार, पाच लाखापर्यंतच्या व्यवहाराला तिथे फी लागत नाही हे मी विचारून आलोय. रिटायर माणूस आहे, वेळच वेळ आहे.

माफीचं पत्र पाठवायचं असेल तर ते माझ्या नावाने नको, तिच्या नावाने पाठवा. बुकिंगमध्ये तिचं नाव दोन नंबरला आहे. फोन पण तिला करा, केरळचा नाही.

आपला,
पाचोऱ्याचा प्रवासी, बुकिंग नंबर झेरॉक्सवर आहे

ता.क. – ओरिजिनल तिकिटं मागू नका, मिळणार नाहीत. बनारसचं तत्काळचं तिकीट तिने देव्हाऱ्याच्या फळीवर ठेवलंय आणि मला हात लावू देत नाही.