नाव उजवीकडे वळवा!

महोदय,
चांगदेवला तापी-पूर्णेच्या संगमावर नावेत बसलो होतो. समोरून दुसरी नाव आली आणि दोन्ही नावाडी एकाच काठाकडे वळले. थोडक्यात बचावलो. रस्त्यावर आपण डावीकडून जातो, म्हणून पाण्यातही तसंच असेल, असा बहुतेकांचा समज. पण नियम उलटा आहे: समोरासमोर आल्यास दोघांनीही उजवीकडे वळायचं. आडव्या येणाऱ्या दोन इंजिनबोटींपैकी जिच्या उजव्या हाताला दुसरी असेल, तिनं वाट द्यायची. मागून पुढं जाणाऱ्यानं अंतर राखायचं. जाळं ओढणाऱ्या कोळ्यालाही इंजिनबोटीनं वाट द्यायची. 2019 च्या संक्रांतीला धडगाव तालुक्यात नर्मदेत बोट उलटून माणसं गेली. तरी लाइफ जॅकेट अजून फळीखालीच! महाशिवरात्रीच्या यात्रेआधी घाटावर हे नियम अहिराणीतही रंगवून लावावेत.
– एक वाचक, मुक्ताईनगर