खोटा रुपयाही जपायला हवा

संपादक महोदय,
जुन्या नाण्यांच्या बाजारात चलनात खपवलेली खोटी नाणी दिसली की विक्रेते ती मोडीत टाकतात. हे पाहून जीव तुटतो.

माझ्याकडे व्हिक्टोरिया राणीचा 1862 सालचा एक खोटा रुपया आहे. खरा रुपया 11.66 ग्रॅमचा, 91.7 टक्के चांदीचा. हा जेमतेम साडेनऊ ग्रॅम भरतो. फरशीवर टाकला की बद्द वाजतो. कडेला साच्याची बारीक शीर दिसते, राणीच्या मुकुटाखालचे केस पुसट आहेत. तरी तो इतका झिजला आहे, म्हणजे कितीतरी हातांनी तो खरा म्हणूनच घेतला! सराफ रुपया वाजवून का घेत, हे याच्याकडे पाहून कळते. 1940 च्या दशकात रुपयाच्या दातेरी कडेत सुरक्षेची खाच आली, तीही अशाच नाण्यांना आळा घालण्यासाठी.

आज संग्राहकांना फसवायला पाडलेल्या नकला वेगळ्या. त्यांना माझा विरोधच आहे. पण जुन्या खोट्या नाण्यांना संग्रहालयांनी खऱ्यांशेजारी, स्पष्ट पाटी लावून जागा द्यावी आणि विक्रेत्यांनी ती वितळवू नयेत, ही कळकळीची विनंती.

– एक नाणेसंग्राहक, सातारा