ताई, स्लॅब टाकला नाही

चि. ताईस,
अनेक आशीर्वाद.

तू पाठवलेल्या पैशात गावच्या घराचा स्लॅब झाला नाही. हे आधीच लिहून टाकतो, म्हणजे पुढचं वाचताना तुला शोधत बसायला नको. दोन महिने तू फोनवर विचारत होतीस, "बाबा, सेंट्रिंग लागलं का?" आणि मी म्हणत होतो, "काम चालू आहे." काम चालूच होतं, खोटं बोललो नाही. खरंही सांगितलं नाही. फोनवर सांगितलं असतं तर तू मधेच तोडलं असतंस, नाहीतर तुला वॉर्डातून कोणी हाक मारली असती. कागदाला मधे बोलता येत नाही म्हणून लिहायला बसलो. अठ्ठावीस वर्षं एस.टी.त कंडक्टर होतो, वेबिल, म्हणजे तिकिटांचा हिशोब, जुळल्याशिवाय कधी डेपो सोडला नाही. तेव्हा तुझ्या १ लाख ८० हजारांचाही हिशोब देतो.

पाडव्यानंतर वर्ध्याची खोली सोडून आम्ही इथं आलो तेव्हाची गोष्ट तुला अर्धीच माहीत आहे. बुवा, तुझे आजोबा, गेल्यापासून घर बहुतेक कुलपातच. कुलपात घासलेट ओतलं तेव्हा ते उघडलं, अन् दार ढकललं तर दारच हातात आलं. उधईनं चौकट आतून खाऊन वर रंगाचं कातडं तेवढं ठेवलं होतं. तुझ्या काकानं मागे सपरीच्या (पडवीच्या) मातीच्या भिंतीला सिमेंटचं प्लास्टर केलं होतं, घर पक्कं दिसावं म्हणून. ते प्लास्टर पापडासारखं सुटलं होतं. मातीच्या भिंतीला आतली ओल बाहेर सोडायला जागा लागते, सिमेंटनं तिचं तोंड बंद केलं की ओल आतल्या आत माती खाते. आजी दारात उभी राहिली, सगळं पाहिलं, अन् पहिलं काय म्हणाली असेल? "माह्या चुलीवर कोनं टिनाचा डबा ठेवला?"

मिस्त्री आला तेव्हा मी तुझा स्लॅबच डोक्यात घेऊन उभा होतो. त्यानं सपरीच्या भिंतीला खालच्या अंगानं सळाख लावली आणि दाबली. वीतभर आत गेली. काही बोलला नाही. सळाख काढून धोतराला पुसली, तंबाखू मळली, मग म्हणाला, "काका, याच्यावर स्लॅब टाकसान तं स्लॅब खाली, अन् तुम्ही त्याच्याई खाली."

मी म्हटलं, कॉलम उभे करू. तर पाया मुरमापर्यंत न्यावा लागतो. वर गावठाणाची पांढरी माती आणि तिच्याखाली काळी. काळीचा स्वभाव तुला शेतातला माहीत आहे: पावसात फुगते, उन्हाळ्यात हात जाईल एवढी भेग पडते. तिच्यावर टेकलेलं घर दरसाल थोडं वर उचललं जातं आणि थोडं खाली बसतं. कोपऱ्यातून तिरपा तडा गेलेली पक्की घरं आपल्याच गल्लीत तीन आहेत. मुरूम, लोहा, गिट्टी, रेती, सेंट्रिंग सगळं धरून त्यानं आकडा सांगितला तो चार लाखांच्या वर. तुझ्याकडे अजून मागायचे नाहीत हे मी आणि तुझ्या आईनं त्याच रात्री ठरवलं. तिनं आधी ठरवलं, मी नंतर.

शेजारी सरकारी योजनेतलं घरकुल झालं आहे ते तुला दाखवायचं आहे. १ लाख २० हजार मिळाले, रोजगार हमीतून ९० दिवसांची मजुरी, संडासाचे वेगळे १२ हजार. २६९ चौरस फुटाचं घर, नीट बांधलंय, मी नावं ठेवत नाही. पावसाळ्यात तेच लोक सुखी राहतील. पण मे महिन्यात त्यांच्या सगळ्या खाटा रात्री अंगणात. दिवसभर तापलेला स्लॅब रात्री दोनपर्यंत उष्णता सोडत राहतो, आणि कूलर तीच गरम हवा फिरवतो. आमचा नवतपा, मे अखेरचे ते नऊ तापते दिवस, तर कडुलिंबाखालीच गेला, ते वेगळ्या कारणानं. तेही सांगतो.

एका रविवारी मिस्त्री आणि वाढई (सुतार) दोघांना घेऊन सेवाग्रामला गेलो. गांधीजी १९३६ साली तिथं राहायला आले, बापूकुटी अजून मातीची आणि कवेलूचीच (कौलांचीच) आहे. तू चौथीच्या सहलीला गेली होतीस. वाढई आत गेलाच नाही. बाहेर उकिडवा बसून पाख्याच्या खालून वर पाहत राहिला. मग म्हणाला, "वळचण पाहा काका, केवढी पुढं हाये. पाणी भितीले लागूच देत नाही." आपल्या घराची वळचण काकानं मोटारसायकल आत जावी म्हणून कापली होती. मातीच्या भिंतीला चांगली टोपी असली की ती टिकते. काकानं टोपी काढली आणि वर कोट घातला. त्या दिवशी ठरलं की स्लॅब राहू दे, छप्पर दुरुस्त करायचं.

पण छपराच्या आधी संडास झाला, आणि त्याचं कारण आजी.

जुना संडास सांदवाडीच्या, म्हणजे मागच्या परसाच्या, टोकाला, कोठ्याच्या (गोठ्याच्या) पलीकडे. मागच्या श्रावणात चार दिवसांसाठी इथं आलो होतो तेव्हा आजी रात्री पडली, हे तुला सांगितलं होतं. पाय मुरगळला असं सांगितलं होतं. खरं तर ती अर्धा तास चिखलात बसून होती. हाक मारली नाही, कारण आम्ही झोपलो होतो. तू नर्स आहेस, तुला हे तेव्हा सांगायला पाहिजे होतं, पण तुझी नाइट ड्यूटी होती आणि सांगून तू तिथून काय करणार होतीस, असं मला वाटलं. चूक झाली. तुझ्या आईनं इथं आल्यावर पहिल्याच रात्री टॉर्च घेऊन पावलं मोजली. खाटेपासून त्या दारापर्यंत आजीची ८३ पावलं.

मग सपरीला लागून, आतूनच दार काढून संडास-न्हाणी करायची म्हटलं तर आजीनं जेवण सोडलं. "देवघराच्या भितीले लागून? मेल्यावर करा." दोन वेळा जेवली नाही. तिसऱ्या वेळी तुझ्या आईनं पाटोडीचा रस्सा केला आणि नुसती म्हणाली, "मले रातच्याले भेव वाटते माय तिकडे जायाले, माह्यासाठी करू द्या." आजी म्हणे, तुह्यासाठी कर मंग. तुझी आई अशी खोटं बोलते, तिच्यापुढे मी कच्चा.

संडास दोन खड्ड्यांचा केला. एक चालू, एक बंद. पहिला भरला की मधल्या चेंबरात बोळा इकडून काढून तिकडे लावायचा, आणि भरलेला दीड-दोन वर्षं तसाच झाकून ठेवायचा. तोवर त्याचं खत होतं, वासही राहत नाही. तळ सिमेंटचा करायचा नाही, भिंतीला भोकं ठेवायची, म्हणजे पाणी जमिनीत मुरतं. काळीत पाणी मुरत नाही म्हणून मुरूम लागेपर्यंत खणलं, आणि विहिरीच्या उलट्या बाजूला. खाली खरखरीत टाइल, भिंतीला पकडायला नळी. ती नळी कमरेच्या उंचीवर लाव असं तू फोनवर म्हणाली होतीस. मी आजीची कंबर मोजून लावली, ती आपल्या कमरेच्या बरीच खाली आहे. या सगळ्याला ६१ हजार लागले. आता दाराच्या आत ११ पावलं. आजी म्हणते मी फक्त पावसात जाईन. गेल्या पंधरा दिवसांत पाऊस चारदा नुसता शिंपडून गेला, आजी रोज गेली.

मग छप्पर. अखाजी (अक्षय्य तृतीया) झाली आणि कवेलू उतरवायला घेतले. मृगाच्या आत घर झाकायचं म्हणजे हातात जेमतेम महिना. सामान कोठ्यात, चूल कोठ्याच्या दारात, खाटा कडुलिंबाखाली. आढ्याच्या सांध्यांतून इतके इचू (विंचू) निघाले की वाढयाचा पोट्टा मोजायला लागला. अकरापर्यंत मोजले, मग कंटाळला. बुवांचं मधलं मयाल (तुळई) मात्र तसंच निघालं. वाढयानं वाकसानं बोटभर ठिकाण तासलं आणि मला हुंगायला लावलं. इतक्या वर्षांनी सागवानाचा वास! बाकी दोन मयालं आणि बल्ल्या बदलल्या. चौकटीलाही जुनंच सागवान मिळालं, गावात घरं पाडून राहिले लोक, सगळं विकायला आहे. तिथूनच जुने इंग्रजी कवेलू नऊ रुपयानं सातशे घेतले. एकेक वाजवून घेतला. टणक वाजला तो आपला, भदभद वाजला तो परत. देशी कवेलू आजीला पाहिजे होते, पण ते दरसाल फेरावे, म्हणजे काढून परत रचावे लागतात आणि फेरणारा माणूस आता गावात राहिला नाही. वळचण दीड फूट पुढे काढली. मोटारसायकल बाहेर राहते.

पडक्या भिंतीची माती फेकली नाही. तीच भिजवली, गव्हाचं कुटार टाकलं, चार दिवस ओली ठेवून तुडवली आणि काकाचं प्लास्टर खरवडून तीच चढवली. तुडवायला मीही उतरलो होतो, त्या संध्याकाळी सामुदायिक प्रार्थनेला गेलो तर मांडी घालता येईना. भिंतीला वरून पांढऱ्या मातीचा पोतारा आजीनं सांगितला तसा तुझ्या आईनं दिला.

एक फजिती लपवत नाही. छप्पर अर्धं उघडं असताना रात्री वावधन आलं. ताडपत्री बांधली होती, पण दोरीची गाठ मी मारली होती. ताडपत्री शेजाऱ्याच्या पराटीच्या (कापसाच्या काड्यांच्या) ढिगावर गेली आणि तुझी दहावी-बारावीची वह्या-पुस्तकं असलेली पेटी भिजली. पुस्तकं आईनं दोरीवर वाळत घातली, चिमटे लावून, कपड्यांसारखी. सर्टिफिकेटं वर्ध्याच्या बँकेत आहेत, घाबरू नकोस. जीवशास्त्राची वही मात्र गेली. बेडकाची आकृती चांगली काढली होतीस.

छपराला लाकूड, कवेलू, मजुरी मिळून ५८ हजार. फरशीला आणि स्वयंपाकाच्या कडप्प्याच्या ओट्याला २४, वायरिंगला साडेचौदा, दार-खिडक्यांच्या जाळीला ९. बोअरची मोटर जळाली होती, ती ११ हजार २०० ची नवी घेतली. मोटर जळण्याचं कारण मी आहे, पाणी आलं नाही तरी चालू ठेवली होती, त्यामुळे ते पैसे मी पेन्शनमधून भरेन म्हटलं; आईनं ऐकलं नाही. घर आजीच्या नावावर करायला, ग्रामपंचायतीतून नमुना आठचा उतारा काढायला, मीटरवरचं बुवांचं नाव बदलायला पाच खेपा झाल्या. दर खेपेला एक नवा कागद. त्याचं एस.टी.चं भाडं मी हिशोबात धरलेलं नाही.

लोक बोलले, तेही ऐकून ठेव, नाहीतर पोळ्याला आलीस की कोणीतरी सांगेलच. पारावर एकानं म्हटलं, लेकीच्या पैशानं संडास बांधला. मी म्हटलं, हो, आणि न्हाणीही. दुसरं काही सुचलं नाही. घरी येताना चांगली चार उत्तरं सुचली.

तुझा राग मला कळतो. तुला स्लॅब का पाहिजे होता तेही माहीत आहे: लहानपणी तुझ्या पांघरुणावर इचू पडला होता. माजघराच्या वर, तुझी खाट असते तिथं, कवेलूच्या खाली फळ्यांचं छत मारून घेतलं आहे. फळ्यांना जळकं ऑइल दिलं, त्याचा वास अजून येतो, पोळ्यापर्यंत जाईल.

मृग कोरडा निघतो की काय वाटत होतं, पण परवा रात्री चांगला झोडपला. मी टॉर्च घेऊन घरभर फिरलो. एकाच ठिकाणी गळतं, माझ्या खाटेच्या पायथ्याशी. तिथं गंज (पातेलं) ठेवला आहे. कवेलू सरकला असेल, उघाड पडली की वर चढतो.

तुझा,
बाबा

ता.क. शिल्लक २ हजार ३०० हळदीच्या डब्यात आहेत असं लिहिणार होतो. आईनं पत्र वाचलं आणि म्हणाली, वानरांसाठी आणलेले ८० रुपयांचे फटाके कुठे लिहिले? नवीन कवेलूवर तिसऱ्याच दिवशी अख्खा कळप उतरला होता, दोन कवेलू फुटले. तर शिल्लक २ हजार २२०. आजी म्हणते, "पोरीले म्हना चप्पल घालून ये न्हाणीत, टाइल नवी हाये."